नातीची वही कोरी राहते; शाळा बदलावी का?

कराड तालुक्यातल्या एका गावातून एका आजोबांचं पत्र आलं आहे. वय ६८, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, दोघांच्याही शिफ्टा. म्हणून सात वर्षांची नात गावी आजी-आजोबांजवळ राहते आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत शिकते. शाळा दोन शिक्षकी आहे. पहिली-दुसरीला बाई, तिसरी-चौथीला सर. आजोबांची तक्रार अशी की वह्या जवळजवळ कोऱ्या असतात, घरचा अभ्यास नसतो, चुकलेल्यावर लाल शाईची खूण नसते, आणि त्रेसष्टला नात 'साठ तीन' म्हणते. "आम्ही कर्मवीरांच्या शाळेत शिकलो, तिथं शिस्त होती," असं ते लिहितात. बाईंना दोन-तीनदा विचारायला गेले तर "आजोबा, रोज नका विचारू" असं उत्तर मिळालं. मुलगा म्हणतो, जूनमध्ये पोरीला इकडे आणतो आणि इंग्रजी मीडियमला घालतो. "गावची शाळा चांगली आहे असं मीच त्याला ठासून सांगितलं होतं. आता तोंडघशी पडायची वेळ आली." केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) तक्रार करावी, शिकवणी लावावी, की मुकाट्यानं नातीला पाठवून द्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे. रोज संध्याकाळी नातीला विचारून लिहिलेली एका आठवड्याची नोंदही त्यांनी जोडली आहे:

सोमवार – दिवसभर चिंचोके मोजले. वहीत काही नाही.
मंगळवार – शाळेमागे पेरलेल्या मेथीला पाणी घातलं. वहीत दोन ओळी. तीन चुका, एकही दुरुस्त नाही.
बुधवार – गोष्ट. तीही अर्धीच सांगितली.
गुरुवार – दुकान-दुकान खेळले.
शुक्रवार – बाई मीटिंगला. चित्र काढलं.
शनिवार – दप्तर नाही. कवायत, गाणी, मातीचे बैल.

काका,

वार, काम आणि शेरा असे रकाने आखून तुम्ही पाठवलेला कागद मी पत्रापेक्षाही निवांतपणे वाचला. पत्रात तुम्ही सोमवारच्या चिंचोक्यांवर अर्धं पान लिहिलं आहे आणि शुक्रवारवर एक अक्षर नाही. माझं नेमकं उलट झालं. सोमवार वाचून मी निर्धास्त झाले आणि शुक्रवारपाशी अडकले. त्याकडे येतेच, पण आधी तुमच्या सोमवारचं बघू.

चिंचोके दहा-दहाच्या ढिगांत लावले होते का, एवढंच नातीला विचारा. ती हो म्हणाली तर बाई दशक शिकवत होत्या. दुसरीच्या कुठल्याही वर्गात 'एकशे पाच' लिहायला सांगा, कुणीतरी १००५ लिहितंच. पोरानं शंभर ऐकले, पाच ऐकले, दोन्ही लिहून टाकले. त्याच्या परीनं बरोबरच केलं त्यानं. शून्यानं धरून ठेवलेली जागा त्याला अजून दिसत नाही, एवढंच. पाटीवर दहा वेळा १०५ गिरवून ती दिसत नाही. जमिनीवर शंभराचा एक ढीग, शेजारी दहांची जागा मोकळी आणि तिच्या पलीकडे सुटे पाच चिंचोके मांडले, की दिसते. त्यासाठी कुठल्या शाळेत मण्यांची माळ असते, कुठं रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे असतात. ड्यूटी संपल्यावर डेपोत पैसे भरताना तुम्हीही नोटांच्या थप्प्या आणि नाण्यांचे ढीग लावतच होतात. हे काम वहीत उतरत नाही, कारण ते व्हायचं असतं फरशीवर, आणि शाळा सुटायच्या आत चिंचोके परत डब्यात जातात.

'साठ तीन'चं म्हणाल तर त्यावर २०१९ साली अख्ख्या महाराष्ट्रानं वाद घालून झाला आहे. बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात', 'साठ तीन' असं वाचायची पद्धत दिली, तेव्हा तो विषय विधिमंडळापर्यंत गेला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, पण लिहिताना सहा आधी येतो. पोरं त्यामुळे ३६ लिहून बसतात. 'साठ तीन' ही त्यांच्यासाठी सुरुवातीची सोय आहे. मात्र बाजारात, एसटीत, देवळातल्या वर्गणीत सगळीकडे त्रेसष्टच ऐकायला मिळणार, त्यामुळे जुनी नावं तिला यायलाच हवीत. हे काम तुम्ही घ्या. तिनं 'साठ तीन' म्हटलं की "चूक" म्हणू नका, "हां, म्हणजे त्रेसष्ट" एवढं म्हणा आणि पुढं चला.

आता मंगळवार. तिच्या वहीतल्या त्या दोन ओळी तुम्ही जशाच्या तशा उतरवून पाठवल्यात, हे फार बरं केलंत.

"आज मेथीला दोन पान आली. तिसर उद्या येनार."

तुम्हाला यात तीन चुका दिसल्या, आणि त्या आहेतच: 'पानं'वर अनुस्वार नाही, 'तिसरं'वर नाही, 'येणार'मधला ण चुकला. पण काका, ही ओळ तिला कुणी फळ्यावरून उतरवून दिलेली नाही. तिनं जाऊन वाफा बघितला, पानं मोजली आणि उद्या काय होईल याचा अंदाज बांधला. सात वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या वाक्यात, पूर्णविराम देऊन लिहिलं. खाली बाईंनी काय लिहिलं आहे तेही तुम्ही कळवलंत: "उद्या मोजून सांग." लाल शाई न वापरण्याला तुम्ही दुर्लक्ष म्हणता. मला तो निर्णय वाटतो. बाईंनी पोरीला दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यावर पाठवलं. मेथीची पहिली दोन पानं ही बियातलीच दलं असतात, त्यानंतर येणारं पान वेगळ्या आकाराचं असतं. ते पोरीला आपोआप दिसलं असेल आणि ते सांगायला तिला आणखी एक ओळ लिहावी लागली असेल. पुढचं पान उलटून बघा.

शुद्धलेखन नकोच असं मी म्हणत नाही. 'येनार' चौथीपर्यंत तसंच राहिलं तर मीच तुमच्या बाजूनं भांडेन. पण दुसरीत, लिहायची हौस नुकती लागत असताना, प्रत्येक ओळीवर रेघोट्या मारल्या की मुलं एक युक्ती शिकतात: जेवढं बिनचूक येतं तेवढंच लिहायचं. मग 'कमल घर बघ' छापाची वाक्यं सुवाच्य अक्षरात येतात, वही भरते आणि घरचे खूश होतात.

वहीबद्दलचा तुमचा हिशेब तुमच्याच नोकरीतून आला असावा, अशी मला शंका आहे. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, बिनचूक भरलं की दिवसाची ड्यूटी नीट झाली. पण वेबिलावर किती तिकिटं कुठून कुठं फाटली तेवढंच असतं. गाडीत काय काय घडलं ते वेबिलात कधी आलं का? वहीचं थोडंफार तसंच आहे. भरलेल्या वहीनं मूल शिकलं हे सिद्ध होत नाही, आणि, बाईंच्या बाजूनं बोलताना हेही सांगायला हवं, कोऱ्या वहीनंही होत नाही.

बुधवारची अर्धी गोष्ट बाईंनी मुद्दाम अर्धी सोडली असणार. पुढं काय झालं ते नातीकडून ऐका. गुरुवारचं दुकान म्हणजे बेरीज-वजाबाकी आणि सुटे पैसे. शनिवारी दप्तर नाही हे तर सरकारच्याच 'आनंददायी शनिवार' उपक्रमाला धरून आहे, तो पहिली ते आठवीला लागू आहे. आणि घरच्या अभ्यासाबद्दल तुमच्यासारखीच बऱ्याच पालकांची पत्रं येतात म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते: केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दोन तास आठवड्याला, रोज नव्हे. तेव्हा बाई घरचा अभ्यास देत नाहीत यात त्यांचं काही चुकत नाही.

कर्मवीरांच्या शिस्तीचा दाखला तुम्ही दिलात, तो मला थोडा उलटा फिरवू द्या. रयत शिक्षण संस्था १९१९ साली उभी राहिली ती तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात. भाऊरावांच्या बोर्डिंगातली मुलं पहाटे उठायची, शिस्तीत राहायची हे खरंच. पण तीच मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, आणि 'कमवा आणि शिका' हे त्यांच्या शिक्षणाच्या मधोमध होतं. शाळेमागच्या वाफ्यात मेथी पेरणाऱ्या बाई त्या परंपरेच्या बाहेर गेल्यात असं मला तरी दिसत नाही.

जमिनीवर बसून, वस्तू हाताळत शिकवण्याची ही रीतही सातारा जिल्ह्याला नवी नाही. कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं वर्ग चालवले. फरशीवर अंक आणि अक्षरं रंगवली, मुलांना गटात बसवून त्यांच्याच हातून शिकू दिलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्यामागे कुमठ्यासारख्या शाळांतलं काम होतं. अर्थात नंतर झालं असं की पुष्कळ ठिकाणी फरश्या रंगल्या आणि मुलं बाकावरच राहिली. रंगारी बोलावणं सोपं होतं. म्हणून तुमची शंका मी झटकून टाकत नाही; वर्गात काही चाललंय म्हणजे शिकणं चाललंच आहे, असं नाही. ते तपासायला वही अपुरी पडते, इतकंच माझं म्हणणं.

तर शुक्रवार.

"बाई मीटिंगला. चित्र काढलं." याचा अर्थ त्या दिवशी चारही इयत्ता एकट्या सरांकडे होत्या, आणि पहिली-दुसरीच्या पोरांना कागद देऊन बसवलं होतं. चित्र काढणं वाईट नाही. सरांचाही दोष नाही, एका माणसानं चार वर्ग सांभाळायचे तर दुसरं काय करणार? प्रश्न असा आहे की असे शुक्रवार महिन्यातून किती येतात. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा असते, ती शिक्षकांच्या शिकण्यासाठीच असते, ती व्हायला हवी. पण त्याखेरीज प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन भरायच्या माहित्या, असं सगळं धरलं तर दोन शिक्षकी शाळेत बाई प्रत्यक्ष दुसरीच्या मुलांसमोर किती दिवस असतात? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणबाह्य कामं देऊ नयेत, असंही त्याच कायद्यात आहे. तुमच्या नोंदवहीचा खरा उपयोग इथं आहे. महिनाभर फक्त एवढंच लिहा: आज बाई वर्गात होत्या की नव्हत्या, आणि आज तिनं काही वाचलं का, काही मोजलं का.

हा महिन्याचा कागद हातात आला, की तो केंद्रप्रमुखांकडे नेऊ नका. आधी शाळा व्यवस्थापन समितीत न्या. या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक किंवा मुलांचा सांभाळ करणारे असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कायदाच आहे तसा. बैठकीत तुम्ही "बाई शिकवत नाहीत" म्हणालात तर सभा तिथंच फिसकटेल. "बाई नसतात त्या दिवशी पहिली-दुसरीचं काय करायचं, ते आपण ठरवू" म्हणालात तर सरांनाही हायसं वाटेल. गावात बारावी-पदवी झालेल्या सुना आहेत, निवृत्त माणसं आहेत. मुख्याध्यापकांच्या संमतीनं आणि सरांच्या नजरेखाली त्यातल्या कुणी तासभर गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं, तरी तो दिवस वाया जात नाही. पहिलं नाव तुमचंच का नसावं? आयुष्यभर भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवलेला माणूस तीसेक पोरांना गोष्ट नक्की ऐकवू शकतो.

बाईंनी "रोज नका विचारू" म्हटलं ते तुम्हाला लागलं आहे. तुम्ही कुठल्या वेळी गेलात ते पत्रात नाही, पण नातीला सोडायला गेल्यावर, परिपाठाच्या आधी, असंच असणार. त्या वेळी बाईंच्या डोक्यात खिचडीचा तांदूळ, हजेरी, कुणाचा तरी ताप, असं सगळं चाललेलं असतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जा. आधी सांगून जा. आणि "वहीत काही का नाही?" असं विचारू नका. "ती कुठं अडकते?" असं विचारा. जी बाई दुसरीच्या मुलाबद्दल "तिला हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, जोडाक्षर आलं की थांबते" असं चटकन सांगू शकते, तिच्या वर्गात वही कोरी असली तरी माझी काही हरकत नाही. पण उत्तर "हुशार आहे, मस्ती जरा कमी करा" इतकंच आलं, तर मात्र तुमच्या काळजीत तथ्य आहे.

आणि कुणावरही न विसंबता तुम्ही स्वतः घरी तपासू शकता. त्याला दहा मिनिटं पुरतात, महिन्यातून एकदा. तिनं आधी न वाचलेला, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा पुढं ठेवा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेलं नाही. गणितात दोन अंकी संख्या ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी. 'असर' नावाची गावोगावची पाहणी २००५ पासून साधारण अशीच तपासत आली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेनं दुसरीच्या अखेरीची अपेक्षाही लिहून ठेवली आहे: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं, ९९ पर्यंतची वजाबाकी. घड्याळ लावून बसू नका, तिला कळलं की परीक्षा चालली आहे तर ती आजीच्या पदराआड जाईल. पण अडखळत का होईना, अर्थ लावत वाचते की अक्षरांवर बोट ठेवून नुसते आवाज काढते, ते तुम्हाला लगेच कळेल.

हे मी फक्त तुम्हाला सांगत नाही. तासगावकडं द्राक्षाच्या हंगामात दिवेलागणीनंतर घरी येणाऱ्या आया, सांगलीत बाजार समितीत हमाली करणारे वडील यांचीही पत्रं येतात: "आम्हाला वह्या तपासायला वेळ नाही, आमचं मूल मागं पडेल का?" वह्या तपासायला वेळ नसेल तर नका तपासू. भाकरी करताना पोराला शेजारी बसवून चार ओळी मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल. अर्थ लागतोय की नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. शिकवणी लावायच्या आधी हे महिनाभर करून बघा. तिसरीच्या मध्यावर आलेलं मूल साधा उतारा वाचत नसेल तर मात्र वाट बघू नका. शाळेत जाऊन, न लाजता, "याला वाचायला शिकवायचं काय ठरवलंय?" असं विचारा. शाळेतल्याच शिक्षकाकडे खासगी शिकवणी लावायचा विचार असेल तर तो सोडा, शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना ते करायला बंदी आहे.

आता मुलाचं म्हणणं. काका, पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर मला असं वाटलं की तुम्ही तीन वेगवेगळे प्रश्न एका दप्तरात कोंबले आहेत. नात शिकते आहे का, हा एक. तिनं इंग्रजी माध्यमात शिकावं का, हा दुसरा. आणि तिनं कुणाजवळ राहावं, हा तिसरा, ज्याबद्दल पत्रात कुणीच उघड बोलत नाही. मुलगा 'इंग्रजी मीडियम' म्हणतो तेव्हा त्याला कदाचित एवढंच म्हणायचं असेल की पोर सात वर्षांची झाली, आता ती आमच्याजवळ हवी. बापानं एकदा ठासून सांगितल्यावर हे तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून तो शाळेला नावं ठेवतो. आणि तुम्ही शाळेची बाजू लढवता तेव्हा तुम्हालाही कदाचित असंच काहीतरी म्हणायचं असेल. तुमच्या घरात डोकावून बघितलेलं नाही मी, चुकत असेन तर सोडून द्या. पण नसेन, तर या बोलण्यातून शाळेला आणि बाईंना मोकळं करा. आई-वडिलांनी आपलं मूल जवळ मागणं यात तुमचा पराभव कुठं आहे? त्यासाठी गावची शाळा वाईट ठरायची गरज नाही.

माध्यमाबद्दल माझं मत विचाराल तर मी तिला चौथीपर्यंत मराठीतच ठेवेन, मग ती गावात असो की चाकणला. तिकडेही मराठी शाळा आहेत. इंग्रजी तिला आत्ताही आहेच, २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. घरी कुणी इंग्रजी बोलत नाही, आई-बाप शिफ्टमध्ये, अशा पोरीला तिसरीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून दिले, तर मेथीच्या त्या दोन ओळी लिहिणारं मूल वर्षभर गप्प बसण्याची भीती मला वाटते. तिला जे कळतं ते सांगायला शब्दच उरणार नाहीत. काही मुलं त्यातून बाहेर पडतात, नाही असं नाही. पुढं पाचवीपासून सेमी-इंग्रजीचा रस्ता कितीतरी शाळांत खुला आहे. मुलाला हे समजावताना "मराठी आपली आई" वगैरे काढू नका. तिनं लिहिलेल्या ओळींचा फोटो पाठवा आणि "हे तिला इंग्रजीत कधी लिहिता येईल?" असं विचारा.

घरी तुम्ही काय करायचं, असंही विचारलंय तुम्ही. शाळा मांडू नका. तुमच्याकडे जे आहे ते बाईंकडे नाही. रविवारी अंगणात चार खुर्च्या ओळीत लावा, नातीला कंडक्टर करा. कराडचं तिकीट वीस रुपये धरा. ती स्वतः अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या आतली. आजी अर्धं, बायकांना २०२३ पासून निम्मं भाडं. तुम्ही पासष्टीच्या पुढचे, तुमचंही अर्धं. आई आली तर तिचंही अर्धं. तुमच्या अख्ख्या घरात फुल तिकीट एकट्या तुमच्या मुलाचं. पन्नासची नोट द्या आणि सुटे परत मागा. चुकली तर लगेच सांगू नका, प्रवासी हुज्जत घालतात तशी थोडी हुज्जत घाला, ती स्वतः पुन्हा मोजेल. पाढ्यांची तुम्हाला हौस आहे ना, तर वीसच्या पाढ्याला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

आणि संध्याकाळी "आज काय शिकवलं?" विचारणं थांबवा. त्याचं उत्तर मुलं जगभर एकच देतात: "काही नाही." आज काय मोजलं, आज कुणाचं भांडण झालं, बाई कुठल्या गोष्टीला हसल्या, असं काही विचारा. रोज नको.

शेवटी, मुलगा-सुनेनं तिला न्यायचं ठरवलंच, तर थोडी कागदपत्रांची बाब. वर्ष मोडून मध्येच नेऊ नका, दुसरी इथंच पुरी होऊ द्या. शाळा सोडल्याचा दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तिकडच्या एखाद्या शाळेनं मुलीची किंवा आई-बापाची मुलाखत, चाचणी मागितली तर ती कायद्यात बसत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळेल अशी आशा त्याला असेल, तर तो फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतो, तिसरीला नाही. म्हणजे पूर्ण फी भरायची तयारी हवी. ती फी, बसचे पैसे आणि दोघांच्या शिफ्टा सुटेपर्यंत पोर कुणाजवळ थांबणार, हे तीन आकडे एका कागदावर लिहून काढायला त्याला सांगा. फोनवर सूनबाईंनाही घ्या. पत्रभर त्यांचं मत कुठंच आलेलं नाही.